तुझं लाल अंडं

सुचावा, हॉस्पिटल
१९ मे

प्रिय ओतिलिया,

तुझ्या माहेरी सगळी खुशाल असतील. मीही बरी आहे. इथलं सूप म्हणजे नुसतं गरम पाणी, आणि शेजारच्या खाटेवरची बाई दिवसभर जावेला शिव्या देते, त्यामुळे वेळ जातो.

माझ्या कोपरांवरचा सोरायसिस तुला ठाऊकच आहे. यंदा ईस्टरआधीच्या उपासात मांस-दूध सोडलं, तशा त्याच्या गोळ्याही सोडल्या. एकाएकी बंद करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला वाटलं, देवासाठी सोडलेलं कशाला बाधेल?

ईस्टरच्या सकाळी, गाल लाल व्हावेत म्हणून, आपल्या रीतीप्रमाणे लाल अंडं घातलेल्या पाण्यानं तोंड धुतलं, तेव्हा मी डोक्यापासून पायांपर्यंत लाल झालेच होते. शेजारची पारास्किवा हसून म्हणाली, "अगं बाई, अंड्याचा गुण आला की! नवरी दिसतेस." मीही फुशारले. हुडहुडी भरली होती, घोटे सुजले होते, पण ते कुणाला दाखवलं नाही.

तू एकटी हसली नाहीस. "आई, हे बरं लक्षण नाही. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चला." आणि मी भरल्या घरात म्हणाले, "घर रिकामं करायची एवढी घाई झालीय का तुला?"

तरी तू रिवाजाप्रमाणे आपटायला माझ्यापुढे तुझं लाल अंडं धरलंस. मी त्यावर माझं आपटलं नाही, तोंड फिरवलं. तू शाल उचलून माहेरी निघून गेलीस.

मग कातडी कोंड्यासारखी गळायला लागली. उन्हात बसूनही दात वाजत होते, तरी मी हट्टानं घरीच राहिले. शेवटी पारास्किवानंच गाडी बोलावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हा सोरायसिसचा दुर्मिळ प्रकार. अंगातली ऊब जाते, पाणी जातं, हृदयावर ताण येतो. पहिल्याच दिवशी यायचं होतंत." मी बरी आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. कातडी भरतेय, हृदय मात्र थकलंय.

तिकडे इटलीत तुझ्या नवऱ्याच्या, आपल्या नीकूच्याही कोपरावर चट्टे उठलेत. कधी त्याचं सगळं अंग लाल होऊन थंडी-ताप आला, तर त्याचं काही ऐकू नकोस. माझ्यासारखाच हेकट आहे. फोनवर रड, भांड, पण त्याच दिवशी हॉस्पिटलात पाठव.

ईस्टरला जे एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटतात ते मेल्यावर वर पुन्हा भेटतात, असं आपण मानतो. तुझं अंडं टेबलावरच राहिलं होतं. पारास्किवाकडून मागवून उशाशी ठेवलंय, अजून अख्खं आहे.

वरचं वर बघू, पोरी. आधी इथे ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी सासू
सावेता