मोंबासाहून दिगूला भेटायला

सोमवार, १२ मार्च. गिरगाव

पोचलो एकदाचे. बोट दीड दिवस उशिरा. धक्क्यावर ओळखीचं कुणी नाही. आमचे अ. ट्रंकेवर उभे राहून माना उंचावतायत. "दिगू येणार म्हणजे येणार, तू थांब गं." लग्न झाल्यापासून हे दिगूपुराण ऐकतेय. दोघे एका बाकावर शिकले, एका पोरीच्या मागे लागले, दोघांनाही तिने विचारलं नाही वगैरे. बारा वर्षांत भेट नाही. शेवटी टॅक्सी केली.

माझा जन्म मोंबासाचा. आई-बाबा "देश, देश" करायचे, पण मला आपलं परदेशात उतरल्यासारखं झालं. जिकडे तिकडे मराठी पाट्या. टॅक्सीवाला मराठीत भांडला! इतकं बरं वाटलं की मीही थोडं भांडून घेतलं.

चाळ खोताच्या वाडीच्या पलीकडच्या गल्लीत. दारात दिगूभावजींची बायको, इंदूताई. भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, आणि मग म्हणते, "अनंतभावजी, आमचे हे आज सकाळीच आत गेले."

आत म्हणजे तुरुंगात. संयुक्त महाराष्ट्राचा सत्याग्रह. जमावबंदी मोडायची आणि पकडून घ्यायचं. काल दिवसभर आमच्यासाठी धक्क्यावर उभे होते म्हणे. आज त्यांच्या तुकडीची पाळी होती, नाव दिलेलं, मागे कसं घेणार. अ. ट्रंकेवरच बसले.

मंगळवार, १३

अ. सकाळीच तुरुंगाच्या दाराशी. फक्त घरच्यांना भेट. "मी त्याचा भाऊ." "आडनाव सांगा." झालं! परत आले तोंड पाडून. इंदूताई मात्र भेटून आली. एक महिन्याची शिक्षा. निरोप: "अंत्याला म्हणावं थांब, मी येतोच."

थांबतोय कसला. परतीची बोट २४ला. रजेतली निम्मी तर समुद्रातच गेली. बोट चुकली तर तिकडे साहेब नोकरीवरून काढायला कमी करणार नाही. आगगाडीच्या कचेरीत अ.ची जागा हवी असलेले टपलेलेच आहेत.

अ. जेवले नाहीत. इंदूताई म्हणाली, "राणीची बाग बघून या दोघं." माणूस एवढा समुद्र ओलांडून आला तो काय माकडं बघायला? फार वाईट वाटलं मला. जाग्यावर रडले असते, पण पाव्हणी.

बुधवार, १४

चाळीत माझी वरात. सगळ्यांना आफ्रिकेची बाई बघायची आहे. एकीने विचारलं, घरात सिंह येतात का. म्हटलं, येतात, पण चहा घेऊन जातात. सकाळपासून पाच घरी पोहे झाले.

माझं बोलणं ऐकून पोरी फिदीफिदी हसतात. मी आजीकडून शिकले, ती मालवणहून गेलेली, तिथेच माझं मराठी थांबलं. मासळीबाजारात कोळीण म्हणाली, "बाय, तू आमच्या आयशीसारखी बोलतंस गो!" आणि एक बांगडा वर टाकला. इंदूताई थक्क. तिला इतक्या वर्षांत कधी शेपूट जास्त मिळाली नाही.

इंदूताई झकास बाई. नवरा आत आहे म्हणून रडणं नाही, मिरवणंही नाही. फक्त ताटं मांडताना एक जास्त मांडते आणि उचलून ठेवते.

अ. दिवसभर गॅलरीत.

गुरुवार, १५

इंदूताईच्या माहेरी, लालबागला. जाताना एका नाक्यावर फुलं, उदबत्ती. जानेवारीत गोळ्या चालल्या तेव्हा इथे एक जण पडला. बोलता बोलता इंदूताई थांबली. चप्पल काढून हात जोडले. मीही. इतके दिवस मला वाटायचं, मुंबई कुणाची यावरून काय एवढं.

माहेरी जेवण, हसणं, पुन्हा जेवण. तिथे कांबळे भेटले, परळच्या गिरणीत आहेत, सत्याग्रहाच्या तुकड्या तेच जमवतात. अ.नी त्यांना कोपऱ्यात गाठलं. बराच वेळ कुजबुज. परत येताना अ. चक्क शीळ घालतायत. काहीतरी शिजतंय.

शुक्रवार, १६

शिजलं! उद्याच्या तुकडीत अ.नी नाव दिलं. सगळे सत्याग्रही एकाच बराकीत ठेवतात म्हणे, म्हणजे दिगूची गाठ पक्की.

मी: लोक दोस्ताला चहावर भेटतात हो!
अ.: तो बाहेर येत नाही तर मी आत जातो. साधा हिशेब आहे.
मी: आणि बोट?
अ.: पहिलाच गुन्हा. चार-पाच दिवसांत सोडतील, कांबळे म्हणाले.

कांबळ्यांना विचारलं तर म्हणाले, "वहिनी, मी सोडतील म्हटलं नाही, सोडलं तर सोडतील म्हटलं." आणि अ.ना स्पष्ट बजावलं, नुसतं दोस्तासाठी येणार असाल तर येऊ नका. त्यावर अ. म्हणाले, "शाळेपासून गिरगावात वाढलो, माझी नाही का मुंबई?" मुंबई अशी आपली वाटते हे त्यांनी कधी मला सांगितलं नव्हतं. भांडण तिथेच संपलं. मी कपाळाला हात लावला आणि कुंकू शोधायला उठले.

शनिवार, १७

गेले. दिगूभावजींची टोपी घालून. मी ओवाळलं. चाळ आरोळ्या देतेय, अ. नवरदेवासारखे हसतायत. चौपाटीजवळ घोषणा दिल्या न दिल्या तोच गाडीत भरलं. हात हलवला मला. घसा बसला माझा, ओरडून.

संध्याकाळी मी नि इंदूताई तांदूळ निवडत बसलो होतो. दार ढकलून एक दाढीवाला आत. इंदूताईच्या हातातलं सूप पडलं.

"अगं, सोडलं! आज नवी तुकडी आली, आत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून आमची तुकडी बाहेर काढली. अंत्या कुठाय?"

मी इंदूताईकडे बघते, इंदूताई माझ्याकडे. आणि जे हसू फुटलं! दोघी तांदळात लोळलो. दिगूभावजी मध्ये उभे, "अरे काय झालं, कुणीतरी सांगा ना!" सांगितलं. ते पण हसले. मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले थोडा वेळ.

रविवार, १८

दिगूभावजींचं एकच टुमणं: "मी परत आत जातो." इंदूताईने त्यांचे झाडून सगळे कपडे भिजत घातले. तिचं परकर-पोलकं सोडून घरात नेसण्यासारखं काही ठेवलं नाही. "जा आता." दिवसभर पंचा लावून चटईवर. मला शंभर प्रश्न. अंत्या जाड झाला का? अजून झोपेत बोलतो का? तुम्हाला त्रास देतो का? (तीनही: हो.)

मंगळवार, २०

आज मला भेट. बायको असण्याचा एवढा फायदा.

जाळीपलीकडे अ. मजेत. आत निम्मं गिरगाव भेटलं, भजनं काय, वाद काय! दिगू ज्या जागी निजायचा तीच यांना मिळाली. तुकडीला पंधरा दिवसांची शिक्षा. पुन्हा करणार नाही असं लिहून दिलं तर आजच सोडतील.

दिगूभावजींनी निरोप दिला होता, मी तो जसाच्या तसा सांगितला: "लिहून दे म्हणावं. मी कुणाला बोलणार नाही."

अ.: "दिगू असं म्हणाला?" डोळे पुसले. "त्याला म्हणावं, लिहून देऊन आलो तर तुझ्यासमोर बसू कसा?"

शिपाई वेळ संपली म्हणाला. जाता जाता मागे वळून अ.: "ए, दिगू दिसतो कसा गं आता? टक्कल पडलं का?"

म्हटलं, "बाहेर येऊन बघा!" आणि रस्ताभर रडले. रागाने की कशाने कोण जाणे. फार आवडला मला माझा नवरा आज.

बुधवार, २१

दिगूभावजींना उत्तर सांगितलं. पानावरून उठले. संध्याकाळी कांबळ्यांना बोलावणं. आज गॅलरीत सगळी चाळ जमली.

दिगूभावजी म्हणाले, "नवी तुकडी आत गेली की जुनी बाहेर येते. बरोबर?"

कांबळे म्हणाले, "परवा आमची तुकडी जायचीच आहे. पण माणसं कमी आहेत."

मग कोपऱ्यातल्या शिंप्याने हात वर केला. मग भटजींनी. मग तळमजल्यावरचे ते दोन भाऊ, जे एकमेकांशी बोलत नाहीत. "नावं वेगवेगळी लिहा," म्हणाले. "जायचं तर होतंच, आता पाव्हण्यासाठी लवकर जाऊ." दिगूभावजींनी पण हात वर केला, तर सगळी चाळ ओरडली, "तू खाली बस!"

शुक्रवार, २३

दुपारी गेले सगळे. बायकांनी ओवाळता ओवाळता निरांजनातलं तूप संपलं. शिंपी जाताना माझं पोलकं अर्धवट ठेवून गेला. चाळीत आता बापईमाणूस एकच. त्याचे कपडे वाळले, दाढी झाली, केसांना तेल. टक्कल आहे, बऱ्यापैकी.

उद्या सकाळी बोट. ट्रंक मी भरली नाही. इंदूताईने विचारलं, भरायला घेऊ का? म्हटलं, नको. चुकली तर चुकली, साहेबाला काय करायचं ते करू दे. हे दोघे भेटल्याशिवाय मी इथून हलायची नाही.

दिवेलागण झाली. तुरुंगाकडून अजून कुणी आलं नाही. दिगूभावजी गॅलरीच्या कठड्याला. मघाशी आत येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, बारा वर्षं झाली हो. समोर आला आणि त्याने मला ओळखलंच नाही तर?"

"हाक मारा की."

"काय म्हणून? अंत्या, का आता अनंतराव म्हणायचं?"

म्हटलं, "शिवी द्या सणसणीत. बरोबर ओळखतील."

हसले. परत कठड्याला जाऊन उभे राहिलेत. मी पण जाते.