डाव्या हाताचा विळा

४ मार्च

आज सकाळी सव्वाअकराला माझं सगळं संपलं. तिच्या भावानं पिशवीतून विळा काढला आणि संग्रहालयाच्या टेबलावर ठेवला — “घ्या. तिचं लग्न ठरलं. आता आमच्या घरात हा कुणाच्याच हाताला बसणार नाही.”

लग्न ठरलं! ‘दूध नासलं’ म्हणावं तसं म्हणाला.

तो विळा मी घडवलाय. तीन वर्षांपूर्वी, सुट्टीत, बाबांच्या भट्टीवर. ती डावखुरी. साध्या विळ्याची धार तिच्या हातात उलटी पडायची, बोटं कापून घ्यायची. सात बिघडवले, आठवा जमला. नेऊन दिला, पण मी केलाय असं सांगायचं धाडस झालं नाही. म्हणालो, “बाबांनी पाठवलाय.”

मूर्ख! पुढे तिच्याच ओढीनं कॉलेज अर्धवट टाकून आलो — तेही तिला कुठे सांगितलं?

५ मार्च

संग्रहालय म्हणजे शाळेची एक जुनी खोली. दळायचं जातं, धान्याची मापं, बैलांच्या मुसक्या, लोणी काढायच्या रव्या. वस्तूंच्या चिठ्ठ्या मी लिहितो. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंनी विळा उलटापालटा करून पाहिला. “धार चुकीच्या बाजूला आहे. लिही — विळा, अंदाजे सत्तर वर्षं जुना, घडणीत दोष.”

दोष! अंगाचा नुसता तिळपापड. “दोष नाही बाई, डावखुऱ्या माणसासाठी आहे!”

“तुला रे काय ठाऊक? तू घडवलास?”

मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आवरायला लागलो.

घरी बाबांचं सुरूच — “कॉलेज सोडून काय मिळवलंस? तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं!” आमच्या संग्रहात खरंच एक आहे. क्रमांक एकोणीस.

७ मार्च

विळ्याची चिठ्ठी कोरीच.

१० मार्च

ती आली! एकटी. दारातूनच — “आमच्या दादाला अक्कल नाही. मला न विचारता दिला. कुठाय माझा विळा?”

कपाट उघडून दिला. तिनं अंगठ्यानं धार पाहिली. “सासरी नेणार आहे. दुसऱ्यानं मला गवत कापताच येत नाही. अजून एक हवाय, हा झिजत आलाय.” माझ्याकडे पाहिलं. “कुणाला सांगू?”

“बाबांना सांगतो,” मी म्हणालो.

“बाबांनाच?”

“हो.”

मग “बरं” म्हणाली आणि गेली. पदराच्या टोकात विळा गुंडाळून.

११ मार्च

बाबांना निरोप दिला. भाता ओढता ओढता ते थांबले.

“उलटी धार मला कधी जमलीच नाही, पोरा. कुणी केला ते तिला मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“तेव्हाच म्हणजे?”

“तू दिलास, त्याच आठवड्यात.”

तीन वर्षं! तीन वर्षं ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

लग्न बावीस तारखेला. नववा विळा घडवायचाय, भट्टी पेटवायला निघालोय. संग्रहालयाचं दार लावून घेतो.