मोरपंखी शाईचे फायदे आणि तोटे

४ मार्च

डावा कफ गेला. पुन्हा!

नवी शाई आली आणि दौत उघडायला धीर धरवेना. दाट मोरपंखी. इतकी दाट की बाटली हलवली तर काचेवर जाड साय धरल्यासारखी चिकटून राहते. वाळल्यावर कागद उजेडात तिरका धरला की वर तांबूस झळाळी येते. एक पान भरून नुसतं स्वतःचं नाव लिहिलं!

फायदे — हाच. एवढा एकच पुरे आहे.

तोटे — लवकर वाळत नाही. टिपकागद लावला तर निम्मं अक्षर टिपकागद घेऊन जातो. पेन दोन दिवस उघडलं नाही की निब चोंदते. त्यात मी डावखुरा, म्हणजे लिहिलेल्या ओळीवरूनच हात फिरवत जाणार. शिवाय लहानपणी भिंतीवरून पडलो तेव्हापासून डावा हात उजव्यापेक्षा बोटभर आखूड. त्यामुळे कुठलाही शर्ट घ्या, डावा कफ बोटांपर्यंत येतो आणि ओल्या शाईत मनसोक्त डुंबतो.

आणखी एक तोटा — ताई. कफ बघून म्हणाली, "डाग काढायचं दुकान, आणि मालकच डाग पाडत हिंडतो!" मालक आम्ही दोघं आहोत, हे ती सोयीनुसार विसरते.

५ मार्च

कोपऱ्यावर जे शर्ट शिवायचं नवं दुकान झालंय, तिथल्या टेलरबाई आज लॉन्ड्रीत आल्या. पडदे धुवायला टाकले. मी कपड्यांना लावायची चिठ्ठी लिहून दिली तर चिठ्ठीकडे बघतच राहिल्या.

"हा रंग कुठला हो?"

बस्स. मग मी काय काय बोललो देव जाणे. झळाळी, निबेची जाडी, कागद कसा हवा, सगळं! त्यांनी सगळं ऐकलं. मापाची वही त्याही शाईच्या पेनानंच लिहितात म्हणे. सबंध वेळ माझ्या हातांकडे बघत होत्या. बरबटलेले होते ना! एका लहान बाटलीत थोडी शाई काढून दिली.

त्या गेल्यावर ताई म्हणाली, "गिऱ्हाईक पडदे टाकायला आलं होतं. प्रवचनाला नव्हतं आलं." आणि मग, मी काही विचारलं नसताना, "एकट्याच राहतात त्या."

मला काय त्याचं!

६ मार्च

अनर्थ. ओल्या कोटाला लावलेल्या चिठ्ठीची शाई कोटात उतरली. कोट दातांच्या डॉक्टरांचा, पांढराशुभ्र. छातीवर चिठ्ठीचा नंबर, ठळक मोरपंखी एक्केचाळीस! अक्षर मात्र सुरेख उमटलंय. ताईला हे सांगून बघितलं.

ताईचा हुकूम — आजपासून चिठ्ठ्या पेन्सिलीनं. शाई फक्त वरती घरी, फक्त या वहीत. पुन्हा दुकानात पेन दिसलं तर माझी रवानगी मागे, वाफेच्या खोलीत. काउंटरवर ती बसेल. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणंच संपलं! तसं फार कोणाशी बोलायचं असतं असं नाही.

१० मार्च

टेलरबाई आल्या! हातात एक सायीच्या रंगाचा शर्ट, नवाकोरा, त्यांनीच शिवलेला. खिशाखाली मोरपंखी डाग. माझी शाई! शंभर डागांत ओळखली असती.

"तुमच्याच शाईनं केलंय, आता तुम्हीच निस्तरा," म्हणाल्या.

"गिऱ्हाइकाचा का?"

"नाही. एकाला द्यायचाय. अजून दिला नाही."

एकाला! कोण हा एक? नाव काही सांगेनात. कापड काय निवडलंय, शिलाई काय बारीक, बटणं शिंपल्याची. असा शर्ट कोणी कोणाला उगाच शिवून देत नाही. जेवण गेलं नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात आली — डावी बाही आखूड आहे, चांगली बोटभर. एवढं मन लावून शिवलेल्या शर्टात एवढी ढोबळ चूक! त्या माणसाच्या नादात मापाकडे लक्ष नसेल. मी काही बोललो नाही. मला त्या एकाबद्दल अजिबात वाईट वाटलं नाही.

१३ मार्च

डाग निघाला. गार पाणी, स्पिरिट, खाली फडकं, आणि टिपत राहायचं. चोळायचं नाही. दाट शाई थराथरानं बसते आणि थराथरानंच उठते. दोन दिवस तेच करत होतो.

शर्ट बघून टेलरबाईंचा चेहरा पडला.

"इतक्यात निघालासुद्धा?"

"आमचं काम चोख असतं," मी म्हणालो. छाती फुगवून! गाढव कुठला.

१७ मार्च

तोच शर्ट! नवा डाग, यावेळी खिशावर. नवल म्हणजे थेंब अगदी वाटोळा, कडेला एकही शिंतोडा नाही. सांडलेल्या शाईचं असं होत नाही, ती उडते, ओघळते. हा तर ड्रॉपरनं अलगद ठेवल्यासारखा. बाईंचा हात फार स्थिर असला पाहिजे.

"पेन गळतं हो," त्या म्हणाल्या. मी त्यांना निब कशी धुवायची ते सांगितलं. बराच वेळ सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं.

ताई इस्त्री करता करता फिसकन हसली. "काय गं?" तर म्हणे, "काही नाही, वाफ गेली नाकात."

तोटे या सदरात एक खोडून फायद्यात टाकावा म्हणतो — डाग पाडते. डाग पडला की माणूस पुन्हा येतो.

१८ मार्च

आज मन फार वाईट झालं होतं माझं. म्हणजे दुःखी नव्हे, दुष्ट.

या शाईवर उकळतं पाणी ओतलं की डाग कायमचा बसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. एक किटली पुरे. मग त्या 'एका'ला शर्ट मिळत नाही आणि टेलरबाईंना वाटणार, शाईच खोडसाळ. किटली हातात घेतली होती! शर्ट पाटावर पसरलेला. बाही अशी पडली होती, जणू कोणी हात पुढे केलाय.

चहा केला त्या पाण्याचा. मग डाग काढला. डोळ्यांत पाणी आलं ते स्पिरिटमुळे.

नाही, स्पिरिटमुळे नाही. इथं कोण वाचतंय! मला त्या आवडतात. फार आवडतात. आणि मी त्यांच्या माणसाचा शर्ट धुतोय.

२० मार्च

टेलरबाई शर्ट न्यायला आल्या. घडी उलगडून बघितली, पुन्हा घातली. जाईनात. मग वाटलं, निदान धंद्यातला माणूस म्हणून तरी खरं सांगावं.

"बाई, राग मानू नका. डावी बाही आखूड झालीय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं! "मुद्दाम तशी शिवलीय."

"मग माप चुकलं असेल."

"माझं माप चुकत नाही. मी नुसत्या नजरेनं माप घेते." बाहीवरून बोट फिरवलं. "माणूस चुकला असेल कदाचित."

शर्ट उचलला आणि गेल्या. दार आपटलंच.

म्हणजे त्या एकाशी बिनसलं वाटतं! आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. ताईनं इस्त्री दाणकन आदळली आणि म्हणाली, "तुझ्या डोक्यात साबणाचा फेस आहे." कारण सांगितलं नाही.

२१ मार्च

ताई बोलत नाही. निब चोंदलीय. काही लिहावंसं वाटत नाही.

२४ मार्च

टेलरबाई आल्या. शर्ट काउंटरवर ठेवला. सगळा पुढचा भाग मोरपंखी! मी दिलेली बाटली होती नव्हती तेवढी रिकामी केली असणार.

"हा निघायला आठवडा तरी लागेल," मी म्हणालो.

"काढू नका," त्या म्हणाल्या. "राहू दे तुमच्याकडे. मला पुन्हा यायला आता कारण उरलं नाही." आणि गेल्या. यावेळी दार हळूच लावलं. ते जास्त लागलं मनाला.

शर्ट वाळत टाकला. खरं सांगायचं तर डाग सुंदर दिसतो. खिडकीतून ऊन आलं तेव्हा सबंध छातीवर तांबूस झळाळी होती.

दुकान बंद करताना ताईनं तो शर्ट माझ्या खुंटीला अडकवला. "सकाळी हा घाल."

"अगं, दुसऱ्याचा शर्ट!"

"आधी घाल," म्हणाली, "मग बोल माझ्याशी."

२५ मार्च

घातला. खांदे बरोबर. कॉलर बरोबर. डावा कफ मनगटावर येऊन थांबला.

ही ओळ लिहून झाली आणि कफ कोरडा आहे. आणखी एक लिहून बघतो — कफ कोरडा!

कोपऱ्यावर शटर वर गेल्याचा आवाज आला. शाई वाळायला थांबत नाही, निघालो.