बॉस्टनहून येणारा फोन

विंडसर, सप्टेंबर २००९

प्रिय आई, लांबूनच पाया पडतो.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. मित्राच्या गाडीनं न्यूयॉर्क, बॉस्टन पाहून आलो. उंच इमारतींचा कंटाळा आला, समुद्र मात्र सोडवेना. आपण नागपूरकर ना! पाणी इतकं थंड, की पाय बधिर झाले. बाबांची शुगर कशी आहे?

बॉस्टनला अनुयाच्या घरी गेलो होतो. मला तिच्याशीच लग्न करायचंय. तिच्या बाबांनी विचारलं, "कॉलेज कधी संपतंय?"

म्हटलं, "सोडलं!"

ते हसले, तसा मी चहा अर्धाच टाकून उठलो. अनुया गाडीपर्यंत धावत आली. "डोकं आहे का तुला? बाबा दिवाळीत तुझ्या घरी फोन करणार आहेत!"

आई, मी कॉलेज सोडल्याचं तुलाही आत्ताच कळतंय. माझ्यावर हवी तेवढी रागाव. पण त्यांना एवढंच सांग, "आम्हाला माहीत आहे."

तुझाच,
परीक्षित