दादाचं टॉनिक

पिशोर,
२ जुलै २०२४

ती. सत्यभामावहिनीस, धाकट्या दिराचा शि. सा. न.

दादाला जाऊन दोन महिने होत आले. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला बोलवत नाही, म्हणून लिहितोय.

पेरणी झाली. मला मात्र लई थकवा येतोय, बोटांचे सांधे दुखतात. आमची सखू म्हणते, कामाचे दिवस आले की बरं तुमचं अंग मोडून येतं. दादालाही आधी असंच व्हायचं. त्याच्या लोहाच्या टॉनिकची बाटली उरली असेल तर पाठवा. मी घेईन.

सत्यमला आशीर्वाद. माया असू द्या.
बिरू

छत्रपती संभाजीनगर,
८ जुलै २०२४

चि. बिरूभाऊजींस, अ. उ. आ.

बाटली पाठवत नाही, राग मानू नका. मी ती ओतून दिली.

परवा ह्यांचे कागद घेऊन डॉक्टरांना भेटले. यकृतात एक संप्रेरक तयार होतं. अंगात लोह पुरेसं झालं की ते आतड्याला आणखी लोह घेऊ देत नाही. ह्यांच्यात ते जन्मापासून कमी होतं. लोह आत येत राहिलं आणि यकृतात साठत गेलं. थकवा दिसला म्हणून आपण वरून टॉनिक देत होतो.

हे भावंडांत, मुलांतही असू शकतं. तुम्ही कन्नडला जाऊन रक्त तपासा. साठा जास्त निघाला तर थोडं थोडं रक्त काढतात. नवं रक्त करताना शरीर तो साठा वापरतं. वेळेत कळलं तर माणूस चांगला राहतो. एवढं माझं ऐका.

सखूला आशीर्वाद. लोभ आहेच, तो राहू द्या.
सत्यभामा

पिशोर,
२५ जुलै २०२४

ती. वहिनीस, शि. सा. न.

लोह जास्तच निघालं. यकृत अजून चांगलं आहे. ५ ऑगस्टला, सोमवारी तिकडं रक्त काढायचं आहे, आदल्या रविवारी मुक्कामाला येतो. सखू भांडायला उठली. म्हणाली, दमलेल्या माणसाचं रक्त काढतात, डॉक्टर आहेत का गोचीड?

वहिनी, तुम्ही मुलांचं लिहिलं, पण सत्यमचं नाव लिहिलं नाही. त्याची तपासणी केली का?

तुमचा,
बिरू

छत्रपती संभाजीनगर,
३० जुलै २०२४

चि. बिरूभाऊजींस, अ. उ. आ.

नाही केली. तुम्हाला लिहिणं सोपं होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी चिठ्ठी दिली, पण सत्यमला मी अजून सांगितलेलं नाही. ह्यांचा चेहरा काळवंडत गेलेला मी पाहिला आहे. सत्यम शेंद्र्याहून कामावरून आला की मी आधी त्याचा रंग बघते.

रविवारी तुम्हीच त्याला सांगा. सोमवारी तुम्ही खाऊन निघायचं, त्याला मात्र तपासणीसाठी उपाशी न्यायचं आहे. मी त्याचा डबा घेऊन सोबत येते.

सत्यभामा