खेळण्यातली थ्री-नॉट-थ्री

रविवार, संध्याकाळ. ग्योतोकु, जपान.

आज पुन्हा शेवटचा. पळत पळत प्लास्टिकच्या छर्ऱ्यांनी निशाणं टिपायची स्पर्धा. सगळ्यांच्या हातात ऑटोमॅटिक, माझ्या हातात जुन्या थ्री-नॉट-थ्रीची नक्कल. बाबा पोलिसात होते तेव्हा वागवायचे ना, तीच. दर छर्ऱ्याला बोल्टची दांडी मागे ओढा, पुढे ढकला. बोट सोलवटलंय.

सोबतचे स्पर्धक सातो-सान हसून म्हणाले, "तुमची रायफल फारच देखणी आहे." म्हणजे, ती आता बदलून टाका. इथे असंच सांगतात, हे कळायला मला किती स्पर्धा लागल्या!

कंटाळा आलाय. घरी आल्यावर विकायला काढायची म्हणून तिचे फोटो काढले. मग बाबांचा व्हिडिओ कॉल आला, त्यांना सांगून टाकलं. "बाबा, फार हळू आहे हो ही. बोल्ट ओढेपर्यंत सगळं संपतं."

 बाबा म्हणाले, "एकदा दंगलीत मीही ओढला होता. ओढेपर्यंत समोरचा माणूस पळून गेला. बरं झालं, हळू होती."

हे कधी बोलले नव्हते. मागून आईने लगेच जेवलास का विचारलं.

फोटो डिलीट केले. बोट अजून चुरचुरतंय.