चुकीच्या कबरीपाशी

प्रिय आत्याबाई,

तुमच्या सुनेचा सलाम.

आज ईस्टर. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, आणि तुमचे चिरंजीव मटणावर आडवा हात मारून ओट्यावर घोरत पडलेत. मी शिलाई मशीनवर कापडाऐवजी कागद पसरून बसले आहे. खरं तर तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला इतकं काही सांगितलंय की पत्र लिहायची वेळ यायला नको होती. पण काल कळलं, त्यातलं काहीच मी तुम्हाला सांगितलेलं नव्हतं. सगळं शांतवनमामांना सांगून झालं होतं.

हसू नका. आधी ऐकून घ्या.

शांतवनमामा आठवतात ना, वस्तीच्या टोकाला राहणारे? ठार बहिरे. सगळी मंडळी 'आमेन' म्हणून खाली बसली तरी यांचं गाणं आपलं चालूच. तुमच्या पाठोपाठ त्याच आठवड्यात तेही गेले. लिंबाखाली तुमच्या शेजारीच त्यांची माती झाली. त्यानंतर पाऊस असा लागला की दोन्ही लाकडी क्रूस आडवे झाले, वरची नावं धुऊन गेली. मी तापाने अंथरुणाला खिळलेली. उठून आले तेव्हा दोन्हीकडे गुडघ्याएवढं गवत. म्हटलं लिंबाच्या बुडाशी असलेली तुमची. क्रूस उभा केला, गवत उपटलं आणि बसले बोलत.

आता मी तिथे का येऊन बसत होते, ते तुम्हाला पहिल्यांदाच सांगते.

तुम्हाला नगरला दवाखान्यात ठेवलं तेव्हा शुक्रवारच्या प्रार्थनेच्या सगळ्या बायकांनी उपास धरला होता. मी तर देवाशी भांडूनच बसले होते. तुम्ही घरी येणार याची मला इतकी खात्री होती, की तुमची गोधडी धुऊन मी उन्हात घातली होती. तुम्ही आलात, पण कशा आलात! गोधडी तारेवरच राहिली, दोन दिवस कोणी काढली नाही.

तेव्हापासून माझी प्रार्थना आटली. आणि नेमकी तुमची शुक्रवारची प्रार्थना बायकांनी माझ्याच गळ्यात घातली. सासूची जागा सुनेला, दुसरं काय? मी डोळे मिटायचे, 'हे दयाळू पित्या' म्हणायचे आणि मनात कुणाच्या तरी ब्लाउजचं माप चाललेलं असायचं. बायका डोळे पुसायच्या. मला वाटायचं, मी यांना फसवते आहे. मी हाक मारते त्या बाजूला कोणी आहे की नाही, याचीच मला खात्री उरली नव्हती. हे सांगणार कुणाला? वस्तीत सांगावं तर संध्याकाळपर्यंत घरोघरी झालं असतं.

शेवटी गेल्या महिन्यात मी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून टाकलं, ईस्टरनंतर प्रार्थनेला दुसरी बाई बघा. ते म्हणाले, "का, तब्येत बरी नाही का?" मी हो म्हटलं. खोटं तरी कुठे होतं?

तुम्हालाही असं झालं होतं, हे मला ठाऊक आहे. थोरल्या लेकीला मातीआड केल्यावर कितीतरी दिवस तुमच्या तोंडून प्रार्थना निघाली नव्हती. मी विचारलं होतं, "मग तुम्ही काय केलंत?" तुम्ही मशेरीचं बोट दातावर फिरवत म्हणालात, "काय करनार? जाऊन बसायची. चुलीपाशी नुस्तं बसलं तरी ऊब लागतीच की." आणि लगेच मला दम दिलात, की मशेरीचं पाळकसाहेबांना सांगायचं न्हाई. तुमचे उपदेश असेच असायचे. अर्धा देवाचा, अर्धा तुमच्या सोयीचा.

तर मी येऊन बसायचे. संध्याकाळी मशीन बंद केलं की निघायचे. सगळं सांगायचे. देवाबद्दलच्या तक्रारी, तुमच्या लेकाच्या तक्रारी, शिवाय बाईने बाईलाच सांगाव्यात अशा चार गोष्टी. आता विचार करा, मामांवर काय प्रसंग गुदरला असेल! बिचाऱ्यांनी आयुष्यात परक्या बाईमाणसाकडे कधी मान वर करून पाहिलं नाही.

कधी कधी सांगायला काहीच उरायचं नाही. मग नुसती बसून राहायचे. असं करता करता थंडी सरली, आणि एक दिवस मशीन चालवताना माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. गाणं रविवारचंच होतं. मला जेवण जायला लागलं होतं, झोप लागत होती. मला वाटलं, ही तुमचीच करणी. आत्याबाईंनी ऐकलं, त्यांनीच वर जाऊन शब्द टाकला. देवाशी मात्र माझा अजून अबोलाच होता.

आणि काल काय झालं? ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळी वस्ती कबरी झाडायला, चुना लावायला येते, तशी आली होती. मी बादली-ब्रश घेऊन तुमची म्हणून ती कबर पांढरीशुभ्र केली. तेवढ्यात मामांची लेक विमल पुणतांब्याहून आली. आली ती माझ्या गळ्यातच पडली.

"वैनी, तुमचे उपकार कसे फेडू? मला लांबून येनं हुत न्हाई. तुमी दादांची कबर लई जपली."

मी म्हटलं, "अगं, मामांची ती पलीकडची. ही आत्याबाईंची."

"न्हाई वो. ही दादांची." तिने मोबाईल काढला. मातीच्या दिवशीचा फोटो. लिंबाची वाकडी फांदी, तिच्या खाली मामांची पेटी, आणि कडेला तुमच्या कबरीवरची अजून ओली माती. मी फोटोकडे पाहिलं, फांदीकडे पाहिलं, मग माझ्या चुन्याने भरलेल्या हातांकडे.

म्हणजे आत्याबाई, इतके महिने मी तुमच्याकडे पाठ करून बसत होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, सून ती शेवटी सूनच.

घरी येऊन मी रडले. लाज तर वाटलीच, पण त्याहून मोठी भीती वाटली. जिथून आधार आला असं वाटत होतं, तिथे तुम्ही नव्हतातच. मग तो आधारही खोटाच का? तुमच्या लेकाला सांगितलं तर हे खाली मान घालून दुधाच्या टेम्पोचा आरसा पुसत राहिले. मला संशय आला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाताळातच ध्यानात आलं. खड्डा खनताना मी हुतो तिथं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तिथून आलीस की भाकरी खायचीस. म्हनलं, कशाला मोडता घालायचा?"

आणि शेजारची कबर नेहमी झाडलेली कशी असायची, तेही तेव्हाच कळलं. पहाटे दूध घालायला जाताना हे टेम्पो थांबवून तुमची कबर साफ करत होते. मी मात्र ती मामांची समजून विमलचं कौतुक करत बसले होते. आत्याबाई, घोडेगावच्या बाजारात म्हैस पाहावी तसं तुम्ही मला वरून खालपर्यंत पाहून या घरात आणलंत, याचा माझ्या मनात जुना राग होता. काल तो गेला. लेक चांगला वाढवलात.

आज पहाटेची उपासना तिथेच झाली. मी तुमच्या आणि मामांच्या मध्ये उभी होते, हातात मेणबत्ती. पाळकसाहेब पहाटे येशूच्या कबरीवर गेलेल्या बायकांचं सांगत होते, त्यांना कबर रिकामी सापडली ते. दरवर्षीचंच. पण मला एकदम वाटलं, अरे, त्याही बायका चुकीच्याच जागी आल्या होत्या की. जो तिथे नव्हता त्याला शोधत होत्या. म्हणून कोणी त्यांना रिकामं परत पाठवलं का?

मग मी विचार केला. तुम्ही तिथे नव्हतात. मामांना तर जिवंतपणीही ऐकू येत नव्हतं. तरी मी दर वेळी हलकी होऊन घरी गेले. मग माझं ऐकत कोण होतं? ज्याच्याशी मी अबोला धरला होता, तोच ना?

पाळकसाहेब म्हणाले, "कोणीतरी प्रार्थना करा." आणि माझ्या तोंडून निघालं, "देवा, तू ऐकत होतास. मला माहीत नव्हतं. आमेन." एवढंच. तुमच्या प्रार्थनांपेक्षाही आखूड. पण आत दुसरं काही चाललेलं नव्हतं, मापंसुद्धा नाहीत. मागून विमल मोठ्याने 'आमेन' म्हणाली आणि मला रडू यायच्या ऐवजी हसू आलं.

उपासना सुटल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, दुसरी बाई बघू नका. ते म्हणाले, "मी बघतच नव्हतो."

तेव्हा आता शब्द देते. येत्या शुक्रवारी बायका आपल्याच घरी जमणार आहेत, चहा-पोहे माझ्याकडे. ज्या दिवशी प्रार्थना येणार नाही, त्या दिवशी मी बायकांना तसं सांगेन, आणि आम्ही नुसत्या बसू. दर ईस्टरला चुना दोन्ही कबरींना लावीन. आधी मामांच्या, रागावू नका. त्यांनी फार सोसलंय.

आणि हे पत्र? ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला कळतं. बहिऱ्या माणसाच्या कबरीवर बोललेलं पोचलं, म्हणून लिहिलं.

तुमची सून,
शालन